घरचा इटालियन पिझ्झा : २५० डिग्रीच्या ओव्हनात नेपल्स शोधू नका

विश्रामबागकर

तयार बेस, त्यावर केचप, ढोबळी मिरची, कांदा आणि वरून किसलेलं चीज, हा आपला बेकरीतला पिझ्झा मला मनापासून आवडतो आणि त्याला इथे कुणी नावं ठेवायची नाहीत. हा धागा वेगळा आहे. पीठ मळण्यापासून सगळं घरी करायचं आणि इटलीत करतात त्याच्या जवळपास जायचं, तेही सांगलीच्या उन्हाळ्यात, साध्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनात, आणि किराणा दुकानातल्या मैद्यावर, हे कसं जमवायचं यावर बोलू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं. घरच्या ओव्हनात नेपल्सच्या पिझ्झाच्या मागे लागू नका, रोमचा करा. व्हिडिओत दिसतो तो पिझ्झा, कडा टम्म फुगलेल्या, वर काळे ठिपके, मध्ये मऊ, तो लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० डिग्रीला होतो आणि ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथे १९८४ पासून एक संस्था आहे, असोचात्सिओने व्हेराचे पिझ्झा नापोलेताना, त्यांनी हे सगळं नियमात बांधून ठेवलंय, गोळा २०० ते २८० ग्रॅमचा, पिझ्झा ३५ सेंटिमीटरच्या आत, कड १ ते २ सेंटिमीटर, पिठात फक्त मैदा पाणी मीठ यीस्ट, तेल नाही साखर नाही. आपला ओटीजी कितीही ताणला तरी २५०. तिथे तोच गोळा टाकला तर नुसता रंग यायलाच दहा मिनिटं लागतात, तोवर आतलं पाणी उडून जातं आणि हातात येतो तो टोस्ट. मग लोक मैदा बदलतात, यीस्ट बदलतात, बायकोला नाहीतर नवऱ्याला बोलतात. पिठाचा काही दोष नसतो हो, ते पीठ त्या आचेसाठी केलेलंच नसतं.

आता रोममध्ये काय करतात तर लोखंडी ट्रेमध्ये चौकोनी पिझ्झा भाजतात, कात्रीने कापतात आणि वजनावर विकतात. इलेक्ट्रिक ओव्हन, ३०० च्या आसपास, दहा पंधरा मिनिटं. पीठ भरपूर ओलं, त्यात तेल, ट्रेला तेल. म्हणजे आपल्याकडे जे आहे त्याच्या कितीतरी जवळ. आणि हा काही डुप्लिकेट पिझ्झा नाही, रोमचे लोक दुपारी ऑफिसमधून उतरून हाच खातात.

माझं प्रमाण दोन ट्रेचं : मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३६०, मीठ ११, ऑलिव्ह तेल १५, इन्स्टंट यीस्ट थंडीत २ ग्रॅम आणि आत्ता उन्हाळ्यात १ ग्रॅम बास. छोटा वजनकाटा घ्या, वाटी-चमच्याने हे होत नाही, विशेषतः यीस्ट. पाणी माठातलं नाहीतर फ्रिजमधलं. व्हिडिओवाले कोमट पाणी म्हणतात ते त्यांच्या देशात थंडी असते म्हणून, आपल्या किचनमध्ये एप्रिलात पस्तीसच्या वरच असतं, त्यात कोमट पाणी घातलं तर पीठ दोन तासात फसफसून आंबट होणार.

मैदा, यीस्ट आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग मीठ आणि तेल. मळत बसायचं नाही, हात ओला करून एका बाजूने पीठ उचलायचं, ताणायचं, मध्ये दुमडायचं, भांडं फिरवायचं, परत तेच. असं वीस वीस मिनिटांनी तीन चार वेळा. पहिल्यांदा वाटतं हा काय चिखल आहे, चौथ्या वेळेला पीठ गुळगुळीत होऊन आपोआप भांडं सोडायला लागतं. त्यात वरून मैदा टाकायचा मोह होतो, टाकू नका. मग तेल लावलेल्या डब्यात फ्रिजला २४ तास, ४८ पण चालतात. दुसऱ्या दिवशी दोन भाग करून बाहेर तासभर, मग तेल लावलेल्या ट्रेमध्ये बोटांच्या टोकांनी दाबत पसरायचं. लाटणं वापरलं तर चोवीस तास कमावलेली हवा एका मिनिटात बाहेर.

ट्रेला पीठ किती याचा हिशोब सोपा आहे, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.६. माझा ट्रे २५ बाय ३० म्हणजे ४५० ग्रॅम.

ओटीजी २५० ला दोन्ही रॉड लावून अर्धा तास आधी तापवा. पहिल्यांदा फक्त टोमॅटो घालून सगळ्यात खालच्या खाचेत १० ते १२ मिनिटं, मग बाहेर काढून चीज, मग मधल्या खाचेत ५-६ मिनिटं. चीज पहिल्यापासून घातलं तर बेस होईपर्यंत ते करपून चामडं होतं. बोला आता.

नुसताच_वाचक

छान लिहिलंय. पिझ्झाच्या व्हिडिओत ते इटलीचं डबल झिरो (००) पीठ सांगतात ते सांगलीत कुठं मिळतं का? ऑनलाइन बघितलं तर किलोला जो भाव आहे त्यात आमच्याकडे महिन्याचे गहू येतील.

गोडोली_किचन

डबल झिरोच्या मागे लागू नका दादा. ते काही जादूचं पीठ नाही, इटलीत पिठाची प्रतवारी राखेवर करतात, म्हणजे पीठ जाळल्यावर किती राख उरते त्यावरून कोंडा किती राहिलाय ते कळतं, ००, मग ०, १, २ अशी. ०० म्हणजे ०.५५ टक्क्यांच्या आत राख, इतकंच. त्यात दम किती हे त्या आकड्यावरून कळतच नाही, ०० मध्ये केकचं पण पीठ येतं आणि पिझ्झाचं पण. आपल्याला बघायचंय प्रोटीन. मैद्याच्या पाकिटावर मागे १०० ग्रॅमला प्रोटीन किती लिहिलेलं असतं ते बघा, ११ किंवा वर असेल तर घ्या, ९ असेल तर नानकटाई करा. सुट्टा मैदा घेता तिथे हे कळायचा मार्ग नाही म्हणून पिझ्झासाठी तेवढं पाकीट. कमीच असला तर अर्ध्या किलोला दोन चमचे ग्लुटेन पावडर (पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रोटीन) मिसळा, बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, कोरड्या पिठातच मिसळायची, नाहीतर गुठळ्या.

मी बेकिंगच्या ऑर्डरी घेते साताऱ्यात म्हणून एक अजून सांगते. सगळं कणकेचं करा म्हणून मागे लागणारे घरात असतात. चक्कीवरच्या कणकेत दगडाच्या घर्षणाने स्टार्च जास्त फुटतो म्हणून ती पाणी जास्त पिते आणि कोंड्यामुळे जाळी कमी धरते. पाव हिस्सा कणीक, बाकी मैदा आणि पाणी वीसेक ग्रॅम जास्त, हे छान लागतं, उलट चव वाढते. पूर्ण कणकेचा केला तर तो चांगला जाड नान होईल, होऊ दे, पण मग इटालियन म्हणू नका.

बेदाणा_तासगाव

खपलीचा करून बघितलाय का कुणी? आमच्याकडं घरचा खपली आहे.

गोडोली_किचन

खपलीची गंमत अशी की तो इटलीत पण आहे, फार्रो म्हणतात त्याला तिकडे, त्यांचा मधल्या दाण्याचा फार्रो आणि आपला खपली एकाच जातीचा गहू. त्यांच्याकडे टस्कनीत आणि उंब्रियात त्याचं सूप करतात, आपल्याकडे खीर. पण पिझ्झाला ताण लागतो आणि खपलीचं ग्लुटेन कमजोर, पीठ ताणताना फाटतं. पोळी मऊ होते ती त्याच कारणाने. म्हणून पाचवा हिस्सा घाला, त्याच्या वर नको, आणि दुमडणं एखाद वेळ कमी करा. चव मात्र काय येते!

कुपवाडचा_फिटर

विश्रामबागकर, तुमचं बरोबर हाय पण निम्मं. वरच्या आचेचं काय करता येत नाय हे मान्य, पण खालची आच वाढवता येती की. ऑनलाइन तो पिझ्झा स्टोन, पिझ्झाखाली ठेवायचा दगड, घेऊ नका, लय महाग आणि दोन महिन्यात तडा जातो. एमआयडीसीत कुठल्यापण फॅब्रिकेशनवाल्याकडं जावा, ६ एमएमची एमएस म्हणजे साध्या लोखंडाची प्लेट कापून मागा. ३० बाय ३० सेंटिमीटरची सव्वाचार किलो भरती. किलोवर पैशे घेतात, भंगारातला तुकडा असंल तर अजून स्वस्त. पण ओटीजीच्या आतलं माप आधी घ्या, चारी बाजूनं बोटभर तरी जागा सुटली पायजे, नायतर हवा फिरत नाय आणि वरचा पिझ्झा कच्चा. कडा ग्राइंडर मारून घ्या, हात कापतो.

दोन गोष्टी कान देऊन ऐका. गॅल्वनाइज्ड पत्रा घ्यायचा नाय, चकचकीत दिसतो म्हणून काहीजण घेतात, जस्त असतं त्यावर, ते पोटात नको. आणि एमएसवर ती निळसर काळी खपली असती ती रात्रभर व्हिनेगरात ठेवून घासून काढा, मग लोखंडी तवा तयार करतो तसंच, जवसाचं तेल अगदी पातळ पुसून ओव्हनमध्ये तापवा, गार करा, परत. तीनदा केलं की काळी कुळकुळीत होती, चिकटत नाय काय नाय.

दगडापेक्षा लोखंड उष्णता पटकन देतं म्हणून त्याच २५० ला खालून तडाखा बसतो. पण पाऊण तास तरी तापवायला लागती.

नुसताच_वाचक

आमच्याकडे शहाबादी फरशीचा एक तुकडा पडलाय, तो चालेल का?

कुपवाडचा_फिटर

नको. त्यात कुठं पाणी मुरलेलं असलं तर तापल्यावर टवके उडत्यात, काच फुटंल ओव्हनची. कडप्पा पण नको. ओट्यावरच राहू दे ते.

अजिंक्यताऱ्याखाली

विश्रामबागकरांशी मी पूर्ण असहमत आहे, प्रेमाने. रोमचा पिझ्झा चांगलाच आहे पण ज्याला नेपल्सचाच खायचाय त्याने काय करायचं, साताऱ्याहून विमानाने जायचं? घरी गॅस आहे ना. ओटीजीची आच २५० असेल पण मोठ्या बर्नरवर लोखंडी तवा दहा मिनिटं ठेवला तर तो त्याच्या कितीतरी वर जातो.

माझी पद्धत लिहितो. पीठ ६० टक्के पाण्याचं, म्हणजे ५०० मैद्याला ३०० पाणी, मीठ १३, यीस्ट चिमूटभर, तेल नाही. २०० ग्रॅमचे चार गोळे. ओटीजी फक्त वरच्या रॉडवर फुल, वीस मिनिटं आधी चालू करून ठेवायचा, रॉड लालभडक पाहिजे. इकडे तवा धूर निघेपर्यंत. गोळा हाताने पसरायचा, मधून बाहेर हवा ढकलत ढकलत, कडेच्या बोटभर जागेला हातच लावायचा नाही, सगळी हवा तिकडे जमली पाहिजे. मग तव्यावर टाकायचा आणि तव्यावर असतानाच पटापट टोमॅटो, चीज, तेलाची धार. दोन मिनिटांत खालून ठिपके दिसले की तवा उचलून सरळ ओटीजीत सगळ्यात वरच्या खाचेत. तव्याचा दांडा प्लास्टिकचा नसावा हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. तीन चार मिनिटांत कड फुगते आणि वर डाग पडतात. एकूण सहा मिनिटं. ९० सेकंद नाही, पण दहा मिनिटं पण नाही, आणि त्या चार मिनिटांतच सगळा फरक आहे.

विश्रामबागकर

तवा आणि वरचा रॉड ही युक्ती मान्य, चांगली आहे, मी खाल्लाय असा. पण घरात पाच जण असले की एक जण गॅसपाशी घामाघूम उभा आणि बाकीचे एकेक पिझ्झा खाऊन मोकळे. ट्रेचा एकदम निघतो आणि सगळे एकत्र बसतात. शिवाय मे महिन्यात धुरावलेला तवा आणि उघडा ओव्हन यांच्यामध्ये उभं राहायचं म्हणजे साताऱ्यात जमत असेल, सांगलीत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

पाच जणांचा मुद्दा बिनतोड आहे. गप्प बसतो.

मिरज_जंक्शन

चीजवर कुणी बोलेना. मोझरेला घरी करायचं म्हणून गवळ्याकडचं म्हशीचं दूध आणलं, लिंबू पिळलं, तर पनीर झालं. पनीर छान झालं म्हणा.

गवळ्याची_सून

लिंबाने आणि उकळत्या दुधात केलं की पनीरच होणार ताई, ते वितळत नाही. मोझरेलाला रेनेट, म्हणजे दूध धरायला लावणारं एन्झाइम, लागतं आणि थोडं आंबटपण, दोन्ही. व्हेज रेनेट मिळतं ऑनलाइन, बुरशीपासून केलेलं असतं, आपल्याकडे दुकानात जे चीज मिळतं ते पण त्याच्यावरच.

पहिली गोष्ट दूध उकळायचं नाही. आपल्याला सवय असते, दूध आलं की आधी गॅसवर, संध्याकाळी परत, सकाळी परत. उकळलं की दुधातलं दुसरं प्रोटीन केसिनला, म्हणजे ज्याचं चीज होतं त्या प्रोटीनला, जाऊन चिकटतं आणि मग दही धरतच नाही नीट, भुसभुशीत होतं. टेट्रापॅकचं दूध तर अजिबात नको, ते आधीच फार तापवलेलं. कच्चं दूध ६३ डिग्रीला अर्धा तास ठेवा म्हणजे जंतू मरतील आणि काम पण बिघडणार नाही, थर्मामीटर घ्या त्यासाठी, अंदाजाने नको.

मग गार करा. दोन लिटर म्हशीच्या दुधाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, पाव कप पाण्यात विरघळवून गार दुधातच हळूहळू घालायचं. मग ३४-३५ पर्यंत तापवा, गॅस बंद, रेनेट पाकिटावर सांगितलंय तेवढं पाण्यात घालून ओता, अर्धा मिनिट ढवळा आणि हात लावू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं त्याने रेनेट मरतं, पाणी उकळून गार केलेलं घ्या. दहा पंधरा मिनिटांत खरवसासारखं धरतं. सुरीने चौकोन कापा, मंद आचेवर ४२ पर्यंत न्या, हलकेच फिरवत, मग निवळी गाळून टाका. टाकू नका खरं तर, त्यात कणीक भिजवा.

उरलेला गोळा ८० डिग्रीच्या पाण्यात बुडवून रबरी मोजे घालून ताणायचा. तुटला तर आंबटपणा कमी जास्त झालाय, परत पाण्यात बुडवून बघा. ताणला जाऊन चमक आली की झालं, मिठाच्या गार पाण्यात टाका. दोन लिटरचं तीनशे ग्रॅमच्या आसपास निघतं. चार माणसांच्या ट्रेला पुरतं.

आणि ताजं मोझरेला लगेच पिझ्झावर टाकू नका, पाणी सोडतं. आदल्या रात्री तुकडे करून फडक्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

मिरज_जंक्शन

बापरे. वाचूनच दमले पण करणार.

कराडकर_मामा

म्हशीवरून आठवलं. मोझरेला दि बुफाला कंपाना म्हणून नेपल्सच्या भागातलं जे नावाजलेलं चीज आहे, १९९६ पासून त्याला युरोपात मूळ ठिकाणाचं संरक्षण आहे, ते पूर्ण म्हशीच्या दुधाचं. म्हणजे गाईच्या दुधाचे आग्रही देश एकीकडे आणि म्हशीचं दूध डोक्यावर घेणारे आपण आणि ते. आपल्याकडे पंढरपुरी म्हैस, भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी, दुधाची काय कमी आहे. तरी नेपल्समध्ये सुद्धा साध्या पिझ्झावर बहुतेक ठिकाणी गाईच्या दुधाचंच मोझरेला, फिओर दि लात्ते, असतं बरं का, म्हशीचं महाग आणि पाणी जास्त सोडतं.

आणि आता कुणीतरी राणी मार्गेरिताची गोष्ट सांगेलच म्हणून आधीच लिहितो. १८८९ मध्ये इटलीची ही राणी नेपल्सला आली, तिथल्या राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याने इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, राणीचं नाव दिलं, दुकानात राणीकडून आलेलं त्याचं पत्र लावलंय. पत्राच्या खरेपणावर इतिहासकारांनी शंका घेतल्यात, आणि मोझरेला, बेसिलची पानं घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये त्याच्या आधी काही दशकं खाल्ला जात होता असे उल्लेख आहेत. गोष्ट मात्र झकास आहे, ती जाणार नाही. पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं, तेव्हा माझा मुलगा म्हणाला मग आपल्या भाकरी थापण्याला का नाही, आणि मला उत्तर सुचलं नाही.

हरभट_रोड

आमच्या घरात कांदा लसूण चालत नाही, चातुर्मासात तर अजूनच. बाहेर पिझ्झा मागवला की सॉसमध्येच लसूण असतो. इटालियन म्हणजे लसूण आलाच ना?

विश्रामबागकर

नाही, उलट. मार्गेरितामध्ये लसूण कांदा काहीच नसतो. टोमॅटो, मोझरेला, बेसिल, ऑलिव्ह तेल, मीठ. लसूण असतो तो मरिनारामध्ये, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, आणि त्यावर चीज नसतं. तुमच्याकडे यीस्ट चालतं का ते मात्र घरात विचारून घ्या, काही जण तेही घेत नाहीत.

सॉस शिजवायचाच नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. आपल्याला टोमॅटो दिसला की फोडणी आठवते. तिकडे सॅन मारझानो नावाचे लांबट टोमॅटो वापरतात, व्हेसुव्हियसच्या आसपास पिकतात, गर जास्त आणि बिया कमी. ते डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घालतात, झालं. आपले घेताना लांबट, पूर्ण पिकलेले घ्या, गोल आणि आंबट नको. देठाकडे फुली मारून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, साल निघतं, बिया काढा, हाताने कुस्करा, मीठ घालून चाळणीत तासभर ठेवा. पाव भांडं पाणी निघतं, तेच सगळं तुमच्या बेसमध्ये जाणार होतं. मिक्सरला लावू नका, बिया फुटून कडवट होतं आणि हवा शिरून रंग गुलाबी. फार आंबट असतील तर चिमूटभर साखर घाला, इटलीवाला कुणी बघायला येत नाही.

हरभट_रोड

धन्यवाद. इतकी वर्षं उगाच सॉस आटवत बसलो की.

बेदाणा_तासगाव

बेसिलच्या जागी तुळस चालते का? दारात आहे.

गोडोली_किचन

नको, तुळशीचा वास लवंगेकडे जाणारा, आणि दारातली तुळस पिझ्झावर टाकली तर सासूबाई काय म्हणतील ते वेगळंच. सब्जा पेरा. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं बी, किराण्यातलं दहा रुपयाचं पाकीट कुंडीत टाकलं तरी उगवतं. वास इटालियनपेक्षा जरा बडिशेपेकडे जातो पण तुळशीपेक्षा कितीतरी जवळचा. फुलोरा आला की खुडत राहा. आणि पानं ओव्हनमधून काढल्यावर घाला, आधी घातली तर काळी पडतात.

बेदाणा_तासगाव

बेदाणा घालू का मग? घरचाच आहे, हसू नका.

कराडकर_मामा

हसत नाही. नेपल्समध्ये एक भरलेला पिझ्झा करतात, पिझ्झा दि स्कारोले, त्यात कडवट पालेभाजी, ऑलिव्ह, चिलगोझ्यासारख्या पाइनच्या बिया आणि बेदाणे. ख्रिसमसच्या आसपास खातात. तुम्ही मेथी परतून, पाणी पिळून, वर बेदाणे आणि काजू तुकडा घाला, कडू गोड छान जमेल. फक्त बेदाणे आधी भिजवा, नाहीतर २५० ला कोळसे.

अजिंक्यताऱ्याखाली

मेथी बेदाणा पिझ्झा. तासगावचा गणपती पावला.

पोवई_नाक्यावरून

एक वेगळा विचार. आमच्या ओळखीच्या जुन्या बेकरीत अजून लाकडाची भट्टी आहे, पाव काढतात. त्यांना विनंती करून त्यात पिझ्झा टाकता येईल का? ओटीजीची भानगडच नको.

गोडोली_किचन

येईल, पण नेपल्सचा व्हायचा नाही. पावाच्या भट्टीत निखारे बाजूला ओढून साठलेल्या उष्णतेवर भाजतात, पिझ्झाच्या भट्टीत जाळ चालूच असतो आणि घुमटावरून वळून वरून उतरतो, सगळी कमाल त्या वरच्या जाळाची. पाव निघाल्यावरची भट्टी म्हणजे तुमचा ओटीजीच, फक्त मोठा. पण ट्रेचे पिझ्झे एकदम दहा निघतील आणि लाकडाचा वास पण येईल. वाढदिवसाला उत्तम. त्यांचे पाव आणि खारी आटोपल्यावर जा, सकाळच्या गर्दीत गेलात तर ओळख संपेल.

पोवई_नाक्यावरून

हा हा, बरोबर. दुपारी जातो.

कृष्णाकाठची_आजी

नातीने हा धागा वाचून दाखवला. चोवीस तास पीठ, पाऊण तास लोखंड तापवणं, दूध ६३ डिग्री. आमच्या वेळी पाहुणे आले तर अर्ध्या तासात पिठलं भाकरी, ठेचा आणि वर दही. तरी नातीसाठी रविवारी करणार आहे, चीज विकतचं आणणार. विकतचं कुठलं घ्यावं ते सांगा.

विश्रामबागकर

आजी, नमस्कार. मोझरेलाचा अख्खा ठोकळा आणा, किसलेलं पाकीट नको, त्यात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, नीट वितळत नाही. क्यूबचं चीज प्रोसेस्ड असतं, ते वितळून पसरतं पण तार येत नाही, सँडविचलाच बरं. एका ट्रेला दीडशे ग्रॅम पुरे. आपल्याला वाटतं चीज जास्त म्हणजे पाहुणचार जास्त, पण ओल्या पिठावर चीजचा थर बसला की वाफ अडकते आणि मधला भाग कच्चट राहतो. कमी घाला, काढल्यावर वरून चांगलं ऑलिव्ह तेल घाला.

कृष्णाकाठची_आजी

बरं. आणि तो ओव्हन लावला की आमच्याकडे लाइट जातात त्याचं काय?

कुपवाडचा_फिटर

आजी, ओटीजी दीड दोन हजार वॅटचा असतोय, साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला लावला की वायर गरम होती. गिझरला असतो तसला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट पायजे, अर्थिंगसकट. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तर अजिबात नको. आणि ओव्हन चालू असताना गिझर, इस्त्री, मिक्सर बंद ठेवा. तरी ट्रिप होत असंल तर पिझ्झाच्या आधी वायरमन बोलवा.

नुसताच_वाचक

आणि भाजत असतानाच एमएसईबीची लाइट गेली तर?

विश्रामबागकर

दार उघडू नका, बराच वेळ आच धरून राहते, पाच सात मिनिटांत लाइट आली तर काही बिघडत नाही. नाही आली तर चीज घालायच्या आधीची वेळ असेल तर ट्रे सरळ गॅसवर मंद आचेवर फिरवत खालून भाजून घ्या, वर चीज टाकून झाकण ठेवा. खालून खुटखुटीत होतो, वरून डाग येत नाहीत. आणि पीठ अजून फ्रिजमध्येच असेल तर राहू दे तिथेच, उद्या करा, एका दिवसाने चवच वाढेल.